न्यायमूर्तींच्या हाताखालचें एक वर्ष

'क्लार्क' हा शब्द मराठी घरांत उच्चारला गेला कीं डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. खुर्चीच्या पाठीवर टांगलेला कोट, टेबलावर फायलींचा ढीग, आणि वर मान न करतां "साहेब आज नाहींत, उद्यां या" असें सांगणारा गृहस्थ. मुळशी तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्यानें पोटाला चिमटा घेऊन मुलाला पांच वर्षें कायदा शिकवावा, आणि शेवटीं मुलानें सांगावें कीं मला दिल्लीस क्लार्क व्हावयाचें आहे, तर त्या बापास काय वाटेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. कारकूनच व्हावयाचें होतें तर पौडची तहसील कचेरी काय वाईट होती, असें तो विचारील. आणि त्याला समजेल असें उत्तर देणारें कोणी जवळ नसेल, तर मुलगाही गप्प बसेल. एका शब्दाच्या गैरसमजानें एक चांगली वाट उंबरठ्यावरच बंद व्हावी, ही गोष्ट लहान नव्हे.

वास्तविक 'कारकून' हा शब्द फारसींतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ 'काम करणारा' एवढाच आहे. न्यायालयांतील लॉ क्लार्कचें पद या मूळ अर्थाच्या जवळचें आहे. कायद्याची पदवी नुकतीच मिळविलेला तरुण किंवा तरुणी एखाद्या न्यायमूर्तींच्या हाताखालीं ठराविक मुदतीपुरती, बहुधा एक वर्ष, काम करते. तें काम शिक्के मारण्याचें नसून वाचण्याचें, शोधण्याचें आणि लिहिण्याचें असतें. राज्यघटनेच्या १३६ व्या कलमाखालीं देशांतील कोणत्याही उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष अनुमतीसाठीं अर्ज करतां येतो. हे प्रकरण ऐकण्यास घ्यावें कीं नाहीं एवढेंच तेथें प्रथम ठरवावयाचें असतें; आणि अशीं पन्नास-साठ प्रकरणें एका दिवशीं एकाच न्यायासनापुढें येऊं शकतात. प्रत्येकाचे कागद शें-दोनशें पानांचे. ते सर्व आदल्या दिवसांत वाचून, वाद कशाचा, खालच्या न्यायालयांनीं काय म्हटलें, कायद्याचा प्रश्न कोणता, याचें पान-दोन पानांचें टिपण न्यायमूर्तींपुढें ठेवणें हें लॉ क्लार्कचें मुख्य काम. शिवाय पूर्वींचे निर्णय हुडकणें, निकालपत्राच्या मसुद्यांतील संदर्भ ताडून पाहणें, हेंही त्याच्याकडे येतें. निर्णय मात्र सर्वस्वीं न्यायमूर्तींचा. दिवा धरणारा वेगळा आणि वाट चालणारा वेगळा. पण दिवा नीट धरला नाहीं तर चालणाऱ्याला ठेंच लागते, हेंही तितकेंच खरें.

ही जागा मिळते कशी? सर्वोच्च न्यायालयानें २०२५-२६ या वर्षासाठीं सुमारें ९० जागांची जाहिरात २०२५ च्या जानेवारींत काढली. अर्जाची मुदत ७ फेब्रुवारीस संपली आणि लेखी परीक्षा ९ मार्च रोजीं झाली. मानधन दरमहा ८०,००० रुपये ठरविलेलें होतें. उमेदवाराचें वय २० ते ३२ वर्षांच्या दरम्यान असावें, व तो कायद्याचा पदवीधर असावा, अशी अट होती. परंतु शेवटच्या वर्षांत शिकत असलेल्यांनाही अर्ज करण्यास मोकळीक होती, मात्र रुजू होण्यापूर्वीं पदवी पदरांत पडली पाहिजे. निवडीच्या पायऱ्या तीन : पर्यायांतून उत्तर निवडावयाची परीक्षा, सविस्तर लेखनाची परीक्षा आणि मुलाखत. मुंबई उच्च न्यायालयही आपल्या न्यायमूर्तींसाठीं लॉ क्लार्क नेमतें. तेथील जाहिरात, अटी व मानधन हीं निराळीं असतात. याखेरीज कांहीं न्यायमूर्ति विद्यार्थ्यांचे अर्ज स्वतः पाहून त्यांना शिक्षणकाळांतच कांहीं आठवडे आपल्या कचेरींत शिकाऊ म्हणून घेतात.

ही सर्व माहिती उघड आहे. जाहिरात कोणापासून लपविलेली नसते. मग मार्गदर्शन करावयाचें तें कशाचें, अशी शंका कोणीही घेईल. या शंकेचें उत्तर या प्रथेच्या जन्मकथेंतच सांपडतें.

ही प्रथा अमेरिकेंतील. होरेस ग्रे हे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असतांना १८७५ च्या सुमारास त्यांनीं हार्वर्ड विद्यापीठांतील नवे पदवीधर मदतीस घेण्याचा परिपाठ सुरू केला. १८८२ सालीं ते वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयांत गेले, तेव्हां हा परिपाठही बरोबर नेला. आणि प्रारंभीं त्या तरुणांचा पगार ते पदरचा देत. हे तरुण त्यांना निवडून कोण देई? त्यांचे सावत्र बंधु जॉन चिपमन ग्रे हार्वर्डला कायद्याचे प्राध्यापक होते. तेच आपल्या वर्गांतून पारखून एकेकाला धाडीत. बोस्टनमध्यें ग्रे यांच्या हाताखालीं काम केलेला लुई ब्रँडाइस हा तरुण १९१६ सालीं स्वतः सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला, यावरून ती पारख किती अचूक होती हें दिसून येईल. परंतु या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्राध्यापकांच्या नजरेसमोर जो बसला त्याचें दैव उघडलें. जो त्या वर्गापर्यंत पोंचलाच नाहीं, त्याची बुद्धि केवढीही असो, तिची वार्ता न्यायमूर्तींना लागण्याचा मार्गच नव्हता. त्या न्यायालयांत पहिली स्त्री क्लार्क नेमली गेली ती १९४४ सालीं, आणि पहिला कृष्णवर्णीय क्लार्क १९४८ सालीं. ती पहिली स्त्री, ल्यूसिल लोमेन, पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठांत शिकलेली होती. युद्धामुळें विद्यार्थी मिळेनात म्हणून न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं तेथील कायदाशाखेच्या प्रमुखांकडे विचारणा केली, आणि त्या प्रमुखांनीं निःशंकपणें तिचें नांव कळविलें. राजधानीपासून हजारों मैल दूर असलेल्या एका शिक्षकाचें पत्र हेंच तिच्यासाठीं दार ठरलें.

आपल्याकडे आतां परीक्षा आहे. ओळखीचें तें जुनें महत्त्व पुष्कळ अंशीं कमी झालें आहे. पण परीक्षेस बसावें हें सुचण्यासाठीं आधीं ती आहे हें ठाऊक असावें लागतें, आणि तेंही वेळेवर. वकिलाच्या घरीं हें ज्ञान जेवणाच्या पाटावर आपोआप मिळतें. आत्या उच्च न्यायालयांत वकिली करीत असेल, वडिलांचे मित्र न्यायाधीश असतील, तर कोणत्या महिन्यांत काय निघतें, लेखनाचा नमुना कसा असावा, मुलाखतींत काय विचारतात, हें सारें मुलीला न विचारतां कळत जातें. ताम्हिणीच्या घाटाकडून किंवा कोळवणच्या खोऱ्यांतून पुण्यास कायदा शिकण्यासाठीं आलेल्या मुलीच्या घरीं न्यायालयाविषयींचें ज्ञान म्हणजे बहुधा आजोबांच्या दाव्याच्या तारखा. दोघींत बुद्धीचें अंतर नाहीं. अंतर आहे तें कानावर पडलेल्या गोष्टींचें. हें अंतर भरून काढणें, हेंच महाविद्यालयांतील मार्गदर्शकाचें काम. आणि तें उपकार म्हणून नव्हे, तर न्यायाच्याच गरजेपोटीं करावयाचें आहे.

न्यायाची गरज कशी, हें मुळशीच्या मातींत चांगलें समजतें. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं येथील मावळ्यांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला. जमिनी घेतल्या जात होत्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या आधारें. तो कायदा इंग्रजींत लिहिलेला. ज्यांचीं भातखाचरें पाण्याखालीं गेलीं त्यांना तो दुसऱ्यानें सांगितला तेवढाच कळला. त्या कायद्याच्या जागीं १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. पण जमिनीचे प्रश्न संपले नाहींत, उलट वाढले. याच तालुक्यांत हिंजवडीला संगणक-व्यवसायाची नगरी उभी राहिली, लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठें आलीं, आणि जी जमीन पूर्वीं पोटापुरतें भात देई तिच्या गुंठ्या-गुंठ्याला भाव आला. भाव आला तेथें वाद आला : वाटणीचा, वारसनोंदीचा, १९४८ च्या कुळकायद्याचा, बिगरशेती परवानगीचा. यांतील कांहीं वाद पौडच्या न्यायालयांत किंवा महसुली कचेऱ्यांत सुरू होऊन पुणें, मुंबई करीत दिल्लीपर्यंत जातात.

आतां असें एक प्रकरण कल्पनेनें समोर ठेवूं. बापाच्या पश्चात् जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर थोरल्या भावाचें नांव लागलें. पंचवीस वर्षांनीं थोरल्यानें जमीन परस्पर विकली, आणि धाकट्यानें वाटणीचा दावा लावला. थोरला म्हणतो, नांव माझें, जमीन माझी. दावा खालच्या न्यायालयांतून अपिलांत, तेथून दुसऱ्या अपिलांत आणि शेवटीं सर्वोच्च न्यायालयांत आला. कागद तीनशें पानांचे झाले. नुसतें पुस्तक वाचलेला क्लार्क टिपणांत लिहील कीं, फेरफाराची नोंद ही महसुलापुरती असते, तिनें मालकी उत्पन्न होत नाहीं, आणि तसें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालच्या सवर्णी विरुद्ध इंदर कौर या निर्णयांत म्हटलेलें आहे. हें बरोबरच आहे. परंतु ज्याच्या घरांत सातबारा हाताळला गेला आहे, असा क्लार्क उताऱ्याकडे आणखी एकदां पाहील. आणि थोरल्याच्या नांवापुढें बारीक अक्षरांत 'ए. कु. मॅ.' असें लिहिलेलें आहे काय, हें तपासील. हीं तीन अक्षरें म्हणजे 'एकत्र कुटुंबाचा मॅनेजर'. थोरल्याचें नांव स्वतःसाठीं नव्हे, सर्वांच्या वतीनें लागलें होतें, असें सुचविणारा हा पुरावा. उताऱ्याचें इंग्रजी भाषांतर होतांना अशीं अक्षरें सहज गळून पडतात. धाकटा पंचवीस वर्षें गप्प कां बसला, याचेंही उत्तर त्यांत आहे : गांवांत 'नांव थोरल्याचें, जमीन सगळ्यांची' हा रिवाजच असतो. निकाल काय द्यावयाचा तो न्यायमूर्ति देतील. पण हीं तीन अक्षरें त्यांच्या नजरेस पडणें न पडणें हें टिपण लिहिणाऱ्यावर पुष्कळसें अवलंबून राहतें. म्हणून न्यायमूर्तींच्या कचेरींत मोठ्या शहरांतील हुशार मुलें जशीं हवींत, तशींच मुळशीचींही हवींत.

मार्गदर्शकानें करावयाचें पहिलें काम म्हणजे वेळेचें भान देणें. जाहिरात निघाल्यावर जागें होणाऱ्याला तीन आठवडे मिळतात. पहिल्या वर्षापासून जाणणाऱ्याला चार वर्षें मिळतात. बारावीनंतरच्या पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत पहिल्या दोन वर्षांत वाचन व लेखन पक्कें करावें, तिसऱ्या वर्षीं वकिलांकडे व खालच्या न्यायालयांत काम पाहावें, चौथ्या वर्षीं न्यायमूर्तींकडे शिकाऊ म्हणून जाण्याचा यत्न करावा, आणि पांचव्या वर्षाच्या हिंवाळ्यांत जाहिरातीकडे डोळा ठेवावा. पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेणाऱ्यांनीं हाच क्रम आखडून घ्यावा. हें वेळापत्रक प्रवेशाच्या पहिल्याच महिन्यांत सर्व विद्यार्थ्यांपुढें, आणि सर्वांपुढेंच, मांडलें पाहिजे. पहिल्या पांच क्रमांकांच्या मुलांना बाजूला बोलावून सांगणें म्हणजे हार्वर्डच्या प्राध्यापकांचा जुना दोष नव्यानें गिरवणें होय.

दुसरें काम सारलेखनाचें. शाळेंत ज्याला सारांश म्हणतात आणि जो चार-पांच गुणांचा म्हणून मुलें सोडून देतात, तोच लॉ क्लार्कच्या धंद्याचा प्राण आहे. यासाठीं खर्च मुळींच लागत नाहीं. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णयसंग्रह जानेवारी २०२३ पासून संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. आठवड्यास एक निर्णय घ्यावा. प्रथम त्याचें एक पान करावें, मग दहा ओळी, शेवटीं तीन ओळी. क्रम नेहमीं एकच ठेवावा : कोण आला, काय मागतो, खालीं काय ठरलें, प्रश्न कोणता, उत्तर कोणतें व कां. नंतर संग्रहाच्या प्रारंभीं छापलेल्या सारांशाशीं आपलें लेखन ताडून पाहावें. ज्या ठिकाणीं फरक पडला तेथें आपण कांहीं वगळलें कीं कांहीं पदरचें घातलें, हें शोधावें. वगळणें हा दोष आहे. पदरचें घालणें हा त्याहून मोठा दोष आहे. मार्गदर्शकानें असें लेखन तपासून परत द्यावें, पण स्वतः लिहून देऊं नये. दुसऱ्याच्या हस्ताक्षरावर निवडला गेलेला उमेदवार पहिल्याच आठवड्यांत उघडा पडतो, आणि नंतर त्या महाविद्यालयाच्या शब्दालाही किंमत राहत नाहीं.

मराठी माध्यमांतून आलेल्या मुलांना या ठिकाणीं भीति वाटते. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाची व उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी. त्यामुळें तेथें मराठी चालणार नाहीं हें खरें. परंतु विचार स्पष्ट असेल तर भाषा शिकतां येते. विचारच गढूळ असेल तर उत्तम इंग्रजीही त्याला निवळूं शकत नाहीं. म्हणून प्रकरण आधीं मराठींत तोंडीं सांगावें, इतकें सोपें करून कीं घरांतील आजीला तें कळावें. आणि मग तें इंग्रजींत लहान लहान वाक्यांत उतरावें. न्यायमूर्तींना अलंकारिक भाषा नको असते, त्यांना नेमकी भाषा हवी असते. आणि नेमकेपणा हा कोणत्याही एका माध्यमाची मिरास नाहीं. शिवाय कित्येक निर्णयांचीं मराठी भाषांतरें आतां न्यायालयाकडूनच प्रसिद्ध होतात. दोन्ही प्रती शेजारीं ठेवून वाचणें हा भाषेचा आणि कायद्याचा एकाच वेळीं होणारा अभ्यास आहे.

तिसरें काम विद्यार्थ्याला न्यायालयांत नेऊन बसविण्याचें. पौडला न्यायालय आहे, पुण्यास जिल्हा न्यायालय आहे, आणि न्यायालयाचें कामकाज सामान्यतः सर्वांस खुलें असतें. मागच्या बाकावर शांतपणें बसून एक साक्ष पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणें याला कोणाची शिफारस लागत नाहीं. साक्षीदार काय म्हणाला, वकिलानें काय विचारलें, आणि न्यायाधीशांनीं टिपून काय घेतलें, या तिन्ही गोष्टींत किती अंतर पडतें हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, तो पुढें दिल्लींत साक्षीचे छापील कागद वाचतांना त्यांच्या मागचा माणूस विसरणार नाहीं. मुळशीच्या मुलाला हें शिक्षण घराशेजारीं मिळूं शकतें. पुण्याच्या मुलानें त्यासाठीं तीसेक किलोमीटर जाण्यास हरकत नाहीं.

चौथें काम शिफारसपत्राचें, आणि त्यांत सर्वांत अधिक सचोटी लागते. 'हा विद्यार्थी हुशार, नम्र व कष्टाळू आहे' हें वाक्य इतक्या पत्रांत असतें कीं तें वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतही नाहीं. शिक्षकानें स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहावी : अमुक विषयावर यानें दोन महिने खपून निबंध लिहिला, विरुद्ध बाजूचा निर्णय स्वतः शोधून काढला, आणि आपलें मत बदललें. अशा दोन ओळींनीं जें काम होतें तें विशेषणांच्या दोन पानांनीं होत नाहीं. ज्या विद्यार्थ्याविषयीं असें सांगण्यासारखें कांहीं नाहीं, त्याला तसें स्पष्ट सांगून अजून सहा महिने काम करावयास लावणें, हीच त्याच्यावर खरी माया होय.

येथवर वाटेचें वर्णन झालें. आतां वाटेवरच्या खांचखळग्यांचेंही सांगितलें पाहिजे, कारण नुसतें उत्तेजन म्हणजे मार्गदर्शन नव्हे. ही नोकरी कायमची नाहीं. मुदत संपली कीं संपली. त्या काळांत पूर्ण वेळ पगारी काम असल्यामुळें वकिली करतां येत नाहीं. जागा देशभर मिळून थोड्या, उमेदवार पुष्कळ. न निवडला जाणें हेंच बहुतेकांच्या वांट्यास यावयाचें. दिल्लींत घरभाड्याची अनामत पहिल्या मानधनाआधीं भरावी लागते, आणि तो पैसा कोठून उभा करावयाचा याचा हिशेब निघण्यापूर्वीं वडिलांच्या समोर बसून करावा लागतो. शिवाय न्यायमूर्तींच्या खोलींत जें ऐकलें तें तेथेंच ठेवावयाचें असतें. घरीं, मित्रांत, पुढें वकिली करतांना, कोठेंही तें बोलतां येत नाहीं. ज्याला आपण काय केलें हें चारचौघांत सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीं, त्यानें या वाटेस न जाणें बरें.

उलट बाजूस एक नवी गोष्टही पालकांस सांगण्याजोगी आहे. २० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेस बसण्यासाठीं किमान तीन वर्षांच्या वकिलीचा अनुभव असावा; आणि न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलें काम त्या अनुभवांत धरलें जावें. महाराष्ट्रांत ही परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो. अटी त्या त्या वेळच्या जाहिरातींत ताडून पाहाव्या हें खरेंच. पण पौडच्या न्यायासनावर आपला मुलगा किंवा मुलगी बसावी असें ज्या बापाला वाटतें, त्याला हें दिल्लीचें वर्ष वाया गेलें असें म्हणण्याचें कारण उरत नाहीं. आणि ज्याची निवड झाली नाहीं त्याचेंही सारलेखन वाया जात नाहीं. चांगल्या वकिलाला असाच मदतनीस हवा असतो. आणि १९८७ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या विधि सेवा प्राधिकरणांच्या कामांत, जेथें गरिबाला मोफत सल्ला द्यावयाचा असतो, तेथें कागद नीट वाचून सोप्या शब्दांत सांगणाऱ्याची वाण नेहमींच असते.

पुण्याला कायद्याच्या शिक्षणाची परंपरा नवी नाहीं. येथील आय. एल. एस. विधि महाविद्यालय १९२४ सालीं निघालें. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर आणि यशवंत विष्णु चंद्रचूड हे तेथें शिकलेले दोन विद्यार्थी अनुक्रमें १९६४ व १९७८ सालीं भारताचे सरन्यायाधीश झाले. अशा शहरांतील सुशिक्षित घरांनीं या कामीं आपला वांटा उचलणें अशक्य नाहीं. ज्या घरांत वकील, न्यायाधीश किंवा प्राध्यापक आहेत, त्या घरानें वर्षांतून एका विद्यार्थ्याचीं दहा टिपणें वाचून दाखविलीं, त्यांतील चुका लाल शाईनें नव्हे तर तोंडानें समजावून दिल्या, तरी पुष्कळ होईल. ज्यांच्या घरीं कायद्याचा गंध नाहीं, त्यांनीं एवढेंच करावें : घरीं कामाला येणाऱ्या बाईची, सोसायटीच्या रखवालदाराची, अथवा मुळशीहून दूध घालणाऱ्या गवळ्याची मुलगी कायदा शिकते असें कळलें, तर तिला डिसेंबरांतच सांगावें कीं येत्या जानेवारींत एक जाहिरात निघण्याचा संभव आहे, ती पाहा, आणि तिच्या वडिलांना हेंही सांगावें कीं या क्लार्कला कारकून म्हणत असले, तरी तो देशांतील सर्वांत मोठ्या न्यायालयांत गरिबाचा कागद न्यायमूर्तींच्या आधीं वाचणारा माणूस आहे.